शंखावरचा सांधा

(मामाचं कामाचं टेबल. मधोमध ताटलीएवढा, दगड झालेला शंख.)

भाची: ...आणि त्या तपासनीस बाई म्हणाल्या, "हा जोडलेला आहे." अर्ध्या मिनिटात, मामा. हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

मामा: संग्रहालयातल्या?

भाची: त्याच. म्हणे हा एक अ‍ॅमोनाइट, एकाच समुद्री प्राण्याचं कवच, नाहीच, दोन जातींचे तुकडे चिकटवलेत. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, अहो, मी स्वतः काढलाय खडकातून, चार दिवस पालथी पडून. तर हसल्या. उद्या परत जायचंय. नाहीतर खोटारडी म्हणून शिक्का बसतोय माझ्यावर.

मामा: श्वास घे आधी. भिंग दे. हं... बाई उगाच नाही बोलल्या. या रेघेपर्यंत प्रत्येक बरगडी, हा कवचावरचा कंगोरा, वर जाऊन दुभंगते. पुढे बघ, एकेरी, वेडीवाकडी. बरगड्यांवरूनच तर जात ओळखतात.

भाची: तू पण?

मामा: मी तर आधी संशय घेणार. तुझ्या जन्मापूर्वी एका दुकानात मी हेच करायचो. एकाचे आतले वेढे, दुसऱ्याचं तोंड, मध्ये गोंद आणि दगडाची पूड. गिऱ्हाईक खूश.

भाची: आई म्हणायची, तू दुरुस्त्या करायचास.

मामा: बहीण आहे, झाकणारच. पडदा ओढ, तो जांभळा दिवा लाव. गोंद असला तर चमकेल.

भाची: ...काहीच चमकत नाहीये.

मामा: खरंच की. सुई तापवून टेकव सांध्यावर. गोंद जळाल्याचा वास?

भाची: नाही. चटका मात्र मला बसला.

मामा: थांब, हलवू नकोस. ही नागमोडी नक्षी दिसते? आतल्या कप्प्यांच्या भिंतींची. सांध्याखालून सलग गेलीय. हे माझ्या हाताला कधी जमलं नाही. आता पुढच्या बरगड्या मोज.

भाची: एकेरी, एकेरी, एकेरी... नववी जराशी दुभंगलीय. अकरावी पूर्ण. मामा, या परत पहिल्यासारख्या झाल्यात.

मामा: कुणीतरी चावलं गं याला. जिवंतपणी. कवच फुटलं, पण गडी मेला नाही. आतून लिंपत लिंपत वाढत राहिला. आधी वेडंवाकडं, मग बसली घडी.

भाची: म्हणजे ही जखम आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची. आणि मी तिच्यावर बोट ठेवलंय.

मामा: हळू ठेव.

भाची: तुझ्या डोळ्यांत पाणी आलंय.

मामा: त्या दिव्याने चुरचुरतात.

भाची: बरं. संग्रहालयाच्या अर्जात रकाना आहे, "दुरुस्ती झालेली आहे का?" आता ठणकावून "नाही" लिहिते.

मामा: खोटं कशाला? "आहे" लिही.

भाची: आणि खाली विचारलंय, कोणी केली?

मामा: लिही, त्याची त्याने.