तिसरी हाक

न्हाई, बस म्हनू नका मला. दम तुमाला लागलाय, मला न्हाई — तुमी डोंगरावून पळत आलात, पानी प्या, अन् बाकीचं चालता चालता बोला. चप्पल घालते मी. रडनार बिडनार न्हाई, रविराज सर, घाबरू नका. सुकन्या माझी लेक हाय, ह्याच डोंगरात शेळ्यामागं वाढली, तुमच्या कालेजातल्या बीडच्या पोरींसारखी थोडीच हाय? सापडंल. — कुठपसून दिसली न्हाई म्हनलात? आंब्याच्या खिंडीपसून? अगं माय. तितं डाव्या अंगाला कडा हाय की, सर!

चला. बॅटरी खाली धरा, पायापशी — धुक्यात वर धरली की नुसतं पांढरं दिसतंय. आमी रातच्याला हुकलेली गाय हुडकायला ह्याच वाटंनं गेलताव, तवा कुनी आमचा फोटू काढला न्हाई, आता तुमी शहरातले येताव अन् ट्रेक म्हनताव. रातभर चढायचं, अन् उजाडताना माथ्यावून सूर्य बघायचा! अन् आमच्या अंगनातून दिसत न्हाई का सूर्य? — न्हाई, राग न्हाई. राग कशाचा? मीच तर पाठवली तिला. हसत पाठवली. दशमी बांधून दिली, शेंगदान्याची चटनी दिली, म्हनलं जा बाळा, सरांच्या संगं हाईस, कशाची काळजी. — हात धरू नका माझा, मला वाट दिसतीय. तुमीच घसराल.

मोबाईल लागत न्हाई ना? कसा लागंल, वर रेंजच न्हाई. मग हाका तरी मारल्या का? मारल्या? कशा मारल्या?

थांबा. परत सांगा. येकानं नाव घ्यायचं, येकदाच — मग समद्यांनी गप ऱ्हायचं, ऐकायचं — मग शिट्टी, अन् मग फुडं सरकायचं. फुडं गेल्यावर दुसऱ्यानं हाक मारायची. असंच ना? येकच का? व्हय, लागोपाठ वरडलं तर तिची ओ आपल्याला ऐकू यायची न्हाई, हे बी खरंच हाय तुमचं. तुमाला तसंच शिकवलंय. पन सर... अगं बया. माझ्या कर्मा! ती ओ देनार न्हाई. ऐकू गेलं असंल, धा पावलावर बसली असंल, तरी बी देनार न्हाई!

कावून म्हंजे? रातच्या येका हाकेला ओ द्यायची नसती म्हनून! तुमच्याकडं न्हाई सांगत? चकवा हाय तो, वळखीच्या आवाजात नाव घेतोय. त्याला तिसरी हाक मारता येत न्हाई. मानूस असंल तर येकाच तोंडानं तीनदा बोलवंल, तवाच ओ द्यायची. आमच्या शेजारच्या इमामबीच्या घरात बी हेच हाय. हसू नका. — न्हाई हसलात? बरं. शिकली सवरली म्हनून सुकन्या दिवसा हसतीया मला. पन परवा रातच्याला लाईट गेलती, हौदावर गेली, मी दारातून हाक मारली तर चार हातावर उभी राहून गप! तीनदा बोलवल्यावर म्हनती, आले. सख्ख्या मायला!

अन् त्यात तुमी शिट्टी वाजवली. रातच्याला! रातची शिट्टी म्हंजे चकव्याचीच. शिट्टी ऐकली की ती तितून लांब सरकनार, मागं मागं. अन् मागं काय हाय, सर? मी मघाशीच सांगितलं ना मागं काय हाय.

तुमाला बोल लावत न्हाई. शिकवलं कुनी तिला? मीच. माझा भाऊ होता, बंकट. जनावरं राखायला वर झोपायचा. कुनीतरी येकदाच नाव घेतलं, ह्यानं ओ दिली अन् चालत सुटला, सकाळी कड्याखाली... मी तवा लेकीयेवढी होते. मग पोर झाली तशी तिच्या कानात हेच भरलं, बाई, येका हाकेला हालायचं न्हाई. तिचा जीव वाचावा म्हनून भरलं हो! अन् आज त्याच शिकवनीनं ती तितं तोंड दाबून बसली.

भराभरा चला. का थांबलात? हे? हे पुडकं हाय. दशमीचं. — व्हय, तेच. माझ्याच पदरात हाय, दिलंच न्हाई मी. कसलं हसत पाठवलं! भांडले मी. उंबऱ्यात आडवी उभी ऱ्हायले, म्हनलं, ज्या डोंगरानं माझा भाऊ खाल्ला तितं हौसेनं जाती का? गेलीस तर आजपून मला माय म्हनू नको. असं म्हनले. माझ्या जिभेला हाड न्हाई! अन् ती नुसती बूट घालून निघाली, सर. आता मी तीनदा बोलवलं अन् तरी तिनं ओ न्हाई दिली, तर मी काय समजू? ती घाबरली म्हनू, का रुसली म्हनू, का... न्हाई. ते तोंडातून काढायचं न्हाई.

आलीच खिंड. ती बगा तुमची पोरं, समद्यांना खाली बसवा. कुनी खोकायचं बी न्हाई. ती शिट्टी आधी गळ्यातून काढा.

सुकन्याऽऽऽ!

गप. ही पहिली. हिला ओ येत नसती, म्हनलं ना.

आगं ये सुकन्येऽऽऽ!

खडा पडला का? डाव्या अंगाला? का तुमचाच पाय हालला? माझं काळीजच वाजतंय, मला काई कळंना... थांबा, आवाज फाटाय न्हाई पायजे. तिनं वळखला पायजे.

सुकन्याऽऽऽ! मी हाय गंऽऽऽ! माझ्यावर रुसलीस तरी ओ दे, बाळा!

...

ऐकलं? सर, ऐकलं ना तुमी? नीट सांगा, माझ्या कानाला भास न्हाई ना? काय म्हनली? तुमच्या तोंडानं सांगा, काय म्हनली ती?

माय म्हनली.

हालू नकोऽऽ! बसल्या जागी बस, मी आलेऽऽ! — तुमी न्हाई, सर, तुमी हितंच थांबा. सरका, वाट द्या. लेकरू उपाशी हाय माझं.