मेव्हण्याचा दोर

(वेल्ह्याच्या वर, धनगरवाड्यालगतचा कडा. रोहिदास एका शेळीसह खालच्या कपारीत अडकलेला. त्याची आजी आक्काबाई वर. खालून वरचं दिसत नाही.)

रोहिदास : आजे, ए आजे! दोर आला का?

आक्काबाई : आला. जांभळीला येढा घालाय लागलाय. दम धर.

रोहिदास : कोण हाय?

आक्काबाई : मेव्हणा. दुसरं कोण असणार? मार्गासनीला त्याच्या घरी फोन लावला म्या.

रोहिदास : सावळाराम न्हवता का? चुलतभाऊ हाय, हाकेवर हाय.

आक्काबाई : भावाच्या हातात दोर दिला की त्याच्या मनात शेताचा बांध येतो. मेव्हण्याच्या मनात बहिणीचं कुकू येतं. तुज्या आज्याचा दोर माज्या भावानं धरला, तुज्या बापाचा तुज्या मामानं. आपल्या घरात हे असंच हाय.

रोहिदास : पर नूतन तर नांदणार न्हाई म्हणून माहेरी जाऊन बसलीय. मग कुमार माजा मेव्हणा ऱ्हायला का?

आक्काबाई : ते वर आल्यावर ठरव. शेळी काय करती?

रोहिदास : रवंथ. आन माज्याकडं बघती, मीच तिच्या जाग्यावर येऊन बसलोय जसा.

आक्काबाई : दोर सोडलाय बघ. आदी तिला बांद.

रोहिदास : बांदली. वढा... गेली. मागं बघितलं बी न्हाई.

आक्काबाई : पोचली. आता तुज्या कमरंला आवळ.

रोहिदास : आवळला. कुमार! राम राम तरी कर की.

आक्काबाई : तंबाखू हाय त्याच्या तोंडात.

रोहिदास : थुक म्हणावं.

आक्काबाई : हितं वाघोबाचा दगड हाय. हितं थुकत न्हाईत.

रोहिदास : मग असं कर, कुमार. व्हय असलं तर एक हिसका दे, न्हाई असलं तर दोन. कळलं का? ...एक. बरं. ताई तुजी अजून रागात हाय? ...एक.

आक्काबाई : कड्याला लटकून कसल्या चौकश्या करतोस? पाय टेक आन ये वर.

रोहिदास : वर आल्यावर त्याच्या तोंडाकडं बघून इचारता यायचं न्हाई मला. हितंच बरं हाय.

आक्काबाई : मग मी बी इचारते. एवढ्या शेळ्यांत हिच्याच मागं का उतरलास?

रोहिदास : बांडी हाय ती. नूतननं माहेरनं आणलेली. उद्या ती आली आन दावणीला बांडी नसली, तर काय सांगू?

आक्काबाई : ती येणार न्हाई म्हणतोस न्हवं?

रोहिदास : ती म्हणती. मी कुठं म्हणतोय? लई आठवण येती, आजे. घरात भाकरी हाय, ताक हाय, आन घास उतरत न्हाई.

आक्काबाई : भाकरी मी करती.

रोहिदास : तसं न्हवं गं.

आक्काबाई : बोल, बोल. ऐकतोय तो.

रोहिदास : कुमार, तिला सांग. आपल्या स्वप्नालीची दहावी झाली, तिला भोरला कॉलेजात जाऊ दे. शेळ्यांमागं पोरगीच पायजे म्हणून हट धरला म्या. आता मीच राखीन. तिला हॉस्टेलवर सोडायला एसटीनं मी सोता जाईन. मग यील का नूतन? ...कुमार?

आक्काबाई : इचार करतोय.

रोहिदास : आजे, मी लटकलोय हितं.

आक्काबाई : त्याला ठावं हाय.

रोहिदास : ...आला! अरं हळू, पाय सुटला असता माजा! केवढा हिसका! आजे, एकच न्हवं का?

आक्काबाई : मोजायला तूच हायेस तिथं. चल वर.

रोहिदास : आलो, आलो. हात दे, कुमार. ...तू?

नूतन : आदी बांडीला बांदा. परत जाईल.

रोहिदास : कुमार कुठाय?

आक्काबाई : टेम्पो घेऊन नसरापूरला. फोन हिनं उचलला, आन दोर घेऊन हीच आली. तुला सांगितलं असतं तर बायकोच्या हातानं वर आला नसतास. तिथंच शेळीसंगं संसार मांडला असतास.

रोहिदास : तळहात दाव बघू. सोललेत की गं.

नूतन : ते ऱ्हाऊ द्या. स्वप्नालीचं खाली बोललात, ते वर आल्यावर बी तेच का?

रोहिदास : तेच. आन तुजं? हिसका एकच होता. मी बरोबर धरलं न्हवं?

नूतन : दोन द्यायचं मनात होतं.

रोहिदास : मग?

नूतन : दुसरा द्यायचा तर मदी दोर ढिला सोडावा लागतो.