हँडलची मोटार

अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे होते तेव्हाचं सांगते. तिथे गाडी चालवता येत नसेल तर बाई घरातच कोंडली. कोथिंबीर हवी तरी प्रशांतला सवड कधी होते ते बघायचं.

एका शनिवारी त्याने शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारी बघायला नेलं. एका मोटारीचा म्हातारा मालक इंग्रजीत काही बोलला. प्रशांत म्हणाला, "आई, ही हँडल मारून सुरू व्हायची. बायकांना जमेना, म्हणून त्यांना बॅटरीच्या मोटारी विकायचे."

"जमेना? आपल्या विहिरीवरचं इंजिन वीस वर्षं तुझ्या बापाने सुरू केलं का रे?"

"आई, प्लीज!"

मी हँडलकडे बोट दाखवलं, तसा म्हातारा हसत बाजूला झाला. मी पदर खोचला, हँडल उलटं फिरून अंगठा मोडतं म्हणून तो बोटांच्याच बाजूला ठेवला आणि हिसका दिला. मोटार धडधडायला लागली.

परतताना म्हटलं, "प्रशांत, मला गाडी शिकव."

"छे गं आई, तुला नाही जमायचं."