तळ्याकाठचा रोट

(तोरणमाळच्या तळ्याकाठी भाड्याने घेतलेला बंगला. दगूबाई रोट भाजतेय, मुलगा ललित ओट्याला टेकून उभा, त्याच्या नाशिकच्या ऑफिसातली रुचिका चहा गाळतेय. ललितचे वडील बाहेर तळ्यावर.)

दगूबाई : म्हंजे इतलं भाडं भरीसन सैपाक बी मीच करू? मंग घर काय वाईट व्हतं?

ललित : अव माय, तीच तर मजा शे. किचन आपलं, भांडा त्यासना. तूच म्हनस ना, परकाना हातनं खावाव नही?

दगूबाई : मजा म्हने! ना चूल, ना गॅस. काचनी शेगडीवर तवा ठेवना, नि तो बी त्यासनाच. मन्हा लोखंडी तवाले काय काटा व्हतात?

रुचिका : काकू, आच कमी करू का? तुम्ही बसा ना जरा. बघा, तळ्यावर कसलं धुकं उतरलंय!

दगूबाई : देखं बेटा, देखं. तळं काय पळी जाई ऱ्हायनं? राखीनी पुनीव परवावर उनी. घर कानबाई देवी बसाडी, तिन्हा रोटनं पीठ पुनीवना अंदर सरनं पाहिजे. म्हनीसन तर डब्बा संगे लई उनू.

रुचिका : पण खरपूस झालाय हं. छान लागतोय.

दगूबाई : लागतोय? तू खादा?

रुचिका : एक तुकडा. ताटातला.

दगूबाई : अरे बापरे! थुक बेटा, थुक! ललित, तू इले सांगं नही?

रुचिका : गिळला, काकू.

दगूबाई : माय व! राग नको मानू बेटा, पन हाऊ रोट घरनाच मानसं खातस. फक्त भाऊबंद. मन्ही आंडेर मुक्ता, मन्हा पोटनी पोर, तिन्हं लगीन व्हयनं तवयपासून तिले बी तुकडा देत नही मी. ती उनी का तिन्हाकरता येगळा सैपाक करस. नि आते परकी पोर खाई गई!

ललित : एक तुकडानं काय व्हस, माय?

दगूबाई : काय व्हस? तुन्हाकरता मी कानबाईले नवस बोलेल शे रे! तिन्हा रोट बाटना, नि उद्या तुले काही झायं त? फोन दे. कोरीट गावले तुन्हा मोठा काकाले इचारस, आते काय करवानं ते.

ललित : काकाले नको!

दगूबाई : मंग कोनले? देवीना कामले लपाडाई चालत नही. सगळा भाऊबंदले सांगनं पडी.

रुचिका : ललित, आता तरी बोल.

ललित : रुचिका, प्लीज. जेवणं होऊ देत.

रुचिका : मग मी सांगते. काकू… आई, रोट बाटलेला नाहीये. मी परकी नाही. फेब्रुवारीत लग्न केलंय आम्ही. नाशिकला, रजिस्टर.

दगूबाई : कोनी?

रुचिका : ललितनं आणि मी.

दगूबाई : ललित. मन्हाकडे देख. ही पोर काय बोली ऱ्हायनी?

ललित : खरं शे, माय.

दगूबाई : होळीले तू घर उना. मी तुले पोरीसना फोटो दखाडात, नि तू हासना. लगीन करीसन बठेल व्हता, नि हासना!

ललित : हिंमतच नही व्हयनी. ती आपलामाधली नही, तुले तरास व्हई, म्हनीसन…

दगूबाई : साक्षीदार कोन व्हतं? लागतस ना साक्षीदार?

ललित : एक-दोन मित्र व्हतात. नि…

दगूबाई : नि?

ललित : आबा.

दगूबाई : तुन्हा बाप? रोज मन्हासमोर बठीसन जेवनारा मानूस? सहा महिना?

रुचिका : आबा म्हणाले होते, तिला मी हळूहळू सांगतो.

दगूबाई : म्हनीसन सकायपासून तळ्यावर जाईसन बठेल शेतस! माले वाटनं, मानूसले आठली हवा मानवनी.

ललित : आज सांगनारच व्हतूत, माय. त्यानाकरताच हाऊ बंगला लिन्हा. घर सांगं असतं त गल्ली गोळा व्हती.

दगूबाई : म्हंजे आठे मी कितली बी रडनू तरी ऐकनारं कोनी नही. असंच ना?

ललित : तसं नही व, माय.

दगूबाई : तसंच शे.

रुचिका : आई, माझंही चुकलं. रोटाचं ललितनं मला आधीच सांगितलं होतं.

दगूबाई : तुले माहीत व्हतं? नि तरी खादा?

रुचिका : हो. तुम्ही घरी कानबाई बसवून तिची गाणी म्हणत होतात ना, त्या रात्री ललितनं फोन चालू ठेवला होता. मी नाशिकला एकटी ऐकत बसले. आज ताट समोर आलं, तुम्ही गरम गरम रोट टाकत होतात. मला राहवलंच नाही.

दगूबाई : तुन्ही पहिली कानबाई, नि तू फोनवर! अव, मी तुले नवं लुगडं लेतू. देवीसमोर पहिला मान तुन्हा ऱ्हाता. सगळं मन्हा मनमा व्हतं, नि माले कोनी इचारंच नही.

रुचिका : ओरडा ना मला.

दगूबाई : काय वरडू? तुन्ही माय कोठे ऱ्हास?

रुचिका : वर्ध्याला.

दगूबाई : तिले तरी माहीत शे का?

रुचिका : नाही. तिलाही नाही सांगितलं.

दगूबाई : तिले बी नही! लाव फोन.

ललित : माय, आते? काय बोलशी तू तिन्हासंगे?

दगूबाई : तू चूप बठ. लाव बेटा, मी बोलस. माले जसं कळनं, तसं तिले नको कळाले.