न कापलेलं बोट

हॅलो?… हो, मीच. बोल ताई… कार्यक्रम? हो, हो, आजच, सहाला. पण अगं ऐक ना… तू येऊ नकोस. मीच जात नाहीये… बोट कापलंय. डाव्या हाताचं… पट्टी बांधलीय, चांगली जाडजूड… कशानं?… कागदानं… हसू नकोस! जन्म ग्रंथालयात गेला माझा, मला काय तलवार लागणार?… किती खोल म्हणजे… बरं, बरं. कापलेलं नाही. नुसती पट्टी आहे… हो, सदुसष्टाव्या वर्षी. शाळा बुडवायला बांधतात तशी.

मग काय करू? आम्ही आठ व्हायोलिनवाले. सात जणांचे दुधाचे दात पडतायत, आठव्याचे कायमचे… परवा सरावाला शेजारची चिमुरडी कानात म्हणते, ‘आजोबा, घाबरू नका. मी जोरात वाजवते, तुम्ही नुसता गज हलवा.’… हलवला की! मानसुद्धा डोलावली. वर बाई म्हणाल्या, आज छान चालला तुमचा हात… आता कुठे तोंड लपवू?

सवय गं. चाळीस वर्षं वाचनालयात लोकांना ‘श्श्ऽ’ करून गप्प बसवण्यात गेली. आता तारेवर गज ठेवला की माझाच हात मला ‘श्श्ऽ’ करतो… पुस्तकं? वाचली ना, चार. गज कसा धरावा यावर. चौघांचं आपापसात पटत नाही…

आत्ता? फोनवर वाजवू?… छे! अगं, पट्टी सोडावी लागेल… तू पण ना… बरं. मध्ये बोलायचं नाही हं. फोन टेबलावर ठेवतोय… ठेवला…

…

…

झालं! ताई, चुकलो नाही गं! ती वरची जागा, दर वेळी घसरतो ना, तीसुद्धा लागली!… ताई?… हॅलो?… अगं बोल आता, बोललीस तरी चालेल… हॅलो?

…

हॅलो? ताई! कधी कट झाला?… ठेवल्या ठेवल्या?… म्हणजे अख्खं… टेबलाला ऐकवलं मी?… हस, हस. पोटभर हसून घे…

नाही, आता परत नाही. ऐकायचं असेल तर सहाला ये… हो. जातोय… पट्टी? केराच्या डब्यात… आणि हे बघ, पुढे बसू नकोस, मला धीर होणार नाही. अगदी मागे बस. तिथवर ऐकू आलं नाही, तर खोक… हो, मोठ्यानं. आज चालेल. ठेवतो.