दादाजीच्या सत्तावीस किनारी

— नाही नाही, त्या जुन्या कम्प्युटरले हात नका लावू! बसा जी निकेशभाऊ, चहा घ्या पहिले. कंपनीनं तुमाले पवनीले धाडलं, तुमचा काय दोष? पण डिझाइनचं नवीन सॉफ्टवेअर टाकलं अन् माह्या लुगड्याच्या सत्तावीसच्या सत्तावीस किनारी बंद — हे कसलं अपग्रेड? ‘प्रोग्राम लिवाची भाषा बदलली, ताई.’ हाव, आयकलं. काहून बदलली? जुनीत काय किडे पडले होते? मी दहावी पास, हातमागवाल्याची सून. मले जुनी कोणं शिकवली? कोणीच नाही! ‘तीन धागे उचल’ म्हटलं का लिफ्ट तीन, ‘दोन सोड’ म्हटलं का स्किप दोन — झालं. माहे सासरे, दादाजी, मागावर बसून करवती किनारीचे दात बोलत जायचे, मी इथं टाइप करत जायची, तसंच्या तसं. चुकलं तं तेवढीच ओळ लाल. आता तुमची नवीन — पहिले सांगा धागे किती, मंग कंस, मंग अजून काय काय... अवो, शेवटचा दात येयेपर्यंत दादाजीलेच मालूम नसे धागे किती लागतीन! जगभर चालते म्हणता. चालत असंल, इंजिनिअर लोकाइले सोपी असंल. मी काय एक दात वाढवाले बी तुमाले फोन करू?

काय म्हणता? कागदावरून पुन्हा?... कागद होते. चौकडीच्या वह्या, तीन पिढ्याइच्या. मीच जाळल्या. आंघोळीचं पाणी तापवाले. बावीस कम्प्युटरात आल्या, पाच दादाजीले पाठ आहेत, वाळवी कायले पोसाची, म्हटलं. दादाजी उभे राहून पाहत होते. दोन दिवस मागावर बसले नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल, लिही — अन् उरलेल्या पाच किनारी सांगितल्या. मले अजूनही तो दिवस आठवला का जेवण जात नाही.

त्याइले विचारू? कसं विचारू, भाऊ? दिवाळीच्या आधी गेले ते.

फाइली पेनड्राइव्हवर राहतीन, हाव. पण नुसतं लिफ्ट-स्किप पाहून किनार समजीन कोणाले? अन् हा डब्बा या महिन्यात तीनदा बंद पडला... ठेवा तो कप. तुमचं नवीन काढा, माहं जुनं परत चालू करा अन् निघा. — थांबा. जाता जाता समोरच्या दुकानात सांगा, शोभाताईनं चौकडीच्या वह्या मागवल्या. जेवढ्या असतीन तेवढ्या. जा ना आता, लाइट जायच्या आत एक तरी किनार वहीत उतरवू द्या.