धवल्याचा डब्बा

(राई गाव. पडवीत परशुराम स्पीकरसाठी फायबरचा डब्बा घडवतोय. बायको द्वारका उंबऱ्यावर टेकली आहे.)

द्वारका : ...आन् तुमची आय म्हनालेली, "द्वारके, तू लग्नात धवला गायला धरलास का देव आपल्या पायानं मांडवात येतील." नवी नवरी व्हते मी. अजून कानात हाय.

परशुराम : हं. ती कात्री दे.

द्वारका : आता आपल्या चांदणीच्या हळदीला देव या डब्ब्यातनं येनार.

परशुराम : येऊ दे. फायबर हाय, मोडायचं न्हाय.

द्वारका : आपला पोरगा मितेश भाड्यानं स्पीकर आनतो म्हनत व्हता.

परशुराम : भाड्याचे नुसते धडधडतात. बाईमानसाचा आवाज बुडतो त्यात. म्हनून कापड तानून असा गोल काढला. वर रेझिन, मंग काचेच्या मॅटचे थर. होडीला लावायचो तसेच.

द्वारका : अन् घरभर वास. चादरीतपन काचेची कुसं. दमलात तुम्ही. मीपन दमले.

परशुराम : झालंच. जरा ठोकून बघ.

द्वारका : मी? थरात हवा राहिली तर ठोकल्याच्या आवाजावरनं होडीच्या पार पलीकडनं सांगायचात की तुम्ही.

परशुराम : हात भरलेत. ठोक.

द्वारका : हे टनक. हेपन टनक. इथं... इथं बद्द वाजतंय. पोकळ हाय.

परशुराम : कुठं?

द्वारका : हे काय, ठोकतेय तेच. असं कसं सुटलं तुमच्याकडनं?

परशुराम : कापू. परत भरू.

द्वारका : ऱ्हाऊ द्या. मी गानारच न्हाय.

परशुराम : काय? इकडं तोंड करून बोल.

द्वारका : न्हाय गानार. शिमग्यापासनं तुमचं एकच, "मोठ्यानं गा, मोठ्यानं गा." माजा आवाज गेला, तर गेला म्हना सरळ. त्यावर हा डब्बा कशाला झाकताय? चांदणीला सांगते, दुसरी धवलारीन बघ.

परशुराम : द्वारके.

द्वारका : आता काय?

परशुराम : तू मघाशी ठोकलंस ना... ते नुसतं दिसलं मला. कान गेलेत माजे. लेकीच्या हळदीत तुजा धवला मलापन पोचावा, एवढंच व्हतं.